अंगण विकणे आहे

पुण्याच्या एका साप्ताहिकात मी बावीस वर्षं नाट्यपरीक्षणं लिहिली. त्या धंद्यात माणसाला दोन खोडी जडतात. एक म्हणजे फुकट पासाशिवाय कुठे जाववत नाही, आणि दुसरी म्हणजे पडदा वर गेला की नटाच्या आधी नेपथ्य दिसतं. ते दार खरंच उघडतं, की नुसतं रंगवलंय? टेबलावरच्या फोनची वायर भिंतीत जाते, की टेबलाखालीच संपते? पहिली खोड पास यायचे थांबले तेव्हा आपोआप गेली. दुसरी राहिली. तिच्यामुळेच २०२३ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात, एडिसनजवळच्या एका गावात लेकीच्या घरापुढचं अंगण विक्रीसाठी सजताना पाहिलं आणि परीक्षण लिहायला हात शिवशिवू लागले. साप्ताहिक केव्हाच बंद पडलंय. (त्यात माझ्या परीक्षणांचा वाटा किती, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.) तेव्हा ते इथेच उतरवून ठेवतो.

झालं असं की जावईबापूंची नोकरी टेक्सासला हलली. नात कॉलेजसाठी आधीच बाहेर पडलेली. चौदा वर्षं राहिलेलं घर विकायचं ठरलं. आम्ही उभयता मार्चअखेर पोचलो ते मदतीला; म्हणजे ही मदतीला आणि मी हिच्या सोबतीला. पहिल्याच आठवड्यात एजंट बाई आल्या. मला वाटलं, आत येतील, खोल्या बघतील, चहा घेतील. छे! बाई गाडीतून उतरल्या त्या तडक रस्त्याच्या पलीकडे गेल्या आणि तिथून पाच मिनिटं डोळे बारीक करून घराकडे बघत उभ्या राहिल्या. आपल्याकडे घराकडे असं बघणारा माणूस एक तर चोर असतो, नाही तर महानगरपालिकेचा.

"काय बघताहेत त्या?" मी मुलीला विचारलं.

"कर्ब अपील, बाबा."

अपील म्हटल्यावर मला हायकोर्टच आठवलं. पण ते तसं नव्हे. रस्त्याच्या कडेला जो दगडी काठ असतो तो कर्ब, आणि त्या काठावरून बघणाऱ्याला घराविषयी जी ओढ वाटते ते अपील. गिऱ्हाईक म्हणे आधी गाडीतूनच घर बघतं. आवडलं तर ब्रेक दाबतं, नाही तर पुढचं घर. निम्मी विक्री उंबऱ्याच्या अलीकडेच होते, असं बाईंचं मत.

"म्हणजे दाखवण्याचा कार्यक्रमच की!" ही म्हणाली. "फक्त पोहे नाहीत."

(पोह्यांचं म्हणाल तर ऐन दिवशी बाईंनी स्वयंपाकघरात ताज्या भाजलेल्या कुकीज मांडल्या. सांगायचा मुद्दा, हिचं सहसा चुकत नाही.)

मग कामाला सुरुवात झाली. ट्रकमधून तिघेजण उतरले. आधी त्यांनी धारदार फावड्यानं गवत आणि फुलांचा वाफा यांच्यामधली रेघ कापली. इथे परीक्षक म्हणून मला मोकळेपणानं दाद दिली पाहिजे. चार-पाच बोटं खोल, स्वच्छ, वळणावळणानं जाणारी ती रेघ काढल्याबरोबर तेच गवत आणि तीच माती एकदम शहाणी दिसू लागली. पैठणीला काठ नसता तर ती नुसती महाग साडी झाली असती, तसं. या सगळ्या खटाटोपात कमीत कमी पैशात जास्तीत जास्त काम कुणी केलं असेल तर त्या रेघेनं. उरलेलं सगळं मला कमीअधिक प्रमाणात फोनची वायर टेबलाखाली संपण्यापैकी वाटलं.

उदाहरणार्थ, मल्च. हा शब्द त्या महिन्यात मी इतका ऐकला की झोपेत बडबडू लागलो. मल्च म्हणजे झाडाची साल आणि लाकडाच्या ढलप्या यांचा चुरा. तो वाफ्यात दोन-तीन इंच पसरला की जमिनीतला ओलावा टिकतो, तण दबतं, आणि कुजला की मातीला खत होतं. गुणी वस्तू आहे, माझी तक्रार नाही. पण हे लोक तो रंगवून विकतात! काळा, तपकिरी आणि लाल. लाकडाला लाकडाचा रंग पुरत नाही, म्हणून तपकिरी लाकडाला तपकिरी रंग देतात. आमच्याकडे ट्रकभर काळा आला. कामगारांनी तो प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी चढवून त्याचे ढीग रचले, वारुळासारखे. बुंध्याला असा ओला ढीग टेकवला की साल कुजते, झाडाचा गळा उघडा ठेवावा, हे तिथल्या कुठल्याही बागकामाच्या पुस्तकात सापडेल. मी ते जावईबापूंना सांगितलं. ते म्हणाले, "बाबा, कुजायला दोन-चार वर्षं लागतात. आपल्याला तीन आठवडे काढायचेत."

आणि मला एकदम उलगडा झाला. ही बाग नव्हतीच. हा तीन आठवड्यांचा सेट होता.

तो उलगडा झाल्यावर बाकीच्या गोष्टी भराभर समजल्या. दाराला लाल रंग का, दाराच्या दोन्ही बाजूंना जुळ्या भावंडांसारख्या दोन कुंड्या आणि त्यांत पॅन्झीच का (एप्रिलच्या थंडीत बिचाऱ्या तेवढ्याच तग धरतात), घराचा नंबर एकाएकी वीतभर उंच का झाला, आणि बॉक्सवुडच्या झुडपांचे गोल चेंडू तिनाच्या किंवा पाचाच्याच गटात का लावायचे. समसंख्या डोळ्यांना जोडी-जोडी दिसते आणि नजर अडखळते, हे त्यामागचं शास्त्र. बॉक्सवुडच का, याचं उत्तर हरणांकडे आहे. न्यू जर्सीत हरणं इतकी की ट्यूलिप आणि होस्टा यांचा ती रात्रीतून फराळ करतात. मुलीनं पहिल्या दोन वर्षांतच ट्यूलिपचा नाद सोडला होता. तिथल्या रटगर्स विद्यापीठानं कुठली झाडं हरणं खातात आणि कुठली खात नाहीत याची रीतसर यादीच केली आहे. सीतामाईंनी एकच हरीण मागितलं आणि रामायण झालं; इथे रोज संध्याकाळी सात-आठ जण कुंपण नसलेल्या अंगणात येऊन उभे.

कुंपण का नाही, हीसुद्धा एक गंमत आहे. फ्रँक स्कॉट नावाच्या गृहस्थानं १८७० साली उपनगरातल्या घरांच्या बागांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. एकसारखी कातरलेली हिरवळ हेच अंगणाचं मुख्य सौंदर्य, आणि आपलं अंगण शेजाऱ्याच्या नजरेआड करणं हे ख्रिस्ती माणसाला न शोभणारं, असा त्याचा निवाडा. कातरायचं यंत्र इंग्लंडात त्याआधीच निघालं होतं. एडविन बडिंगनं १८३० साली ते केलं, लोकरी कापडावरची लव कातरायच्या यंत्रावरून. आजही ताजं कापलेलं लॉन पाहिलं की सूटाचं कापड अंथरल्यासारखं वाटतं ते उगीच नाही. मग १९४७ साली न्यूयॉर्कजवळ लेविटटाऊन उभं राहिलं, एकासारखी एक हजारो घरं. तिथल्या करारात होतं की गवत आठवड्याला कापलंच पाहिजे, कुंपण घालायचं नाही, शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. आणि गोऱ्या माणसाखेरीज कुणाला तिथे राहू द्यायचं नाही, असंही सुरुवातीच्या करारात कलम होतं. गवत एकसारखं हवं असण्याची हौस माणसांपर्यंत जाते, ती अशी. आणि ज्या गवतासाठी हे सगळं, ते केंटकी ब्ल्यूग्रास केंटकीचं नव्हेच. ते आलंय युरोप-आशियाकडून. आमच्या मुलीसारखंच स्थलांतरित. त्याला कुणी कधी कागदपत्रं विचारली नाहीत.

आता आमच्या अंगणाबद्दल. मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमचं अंगण कातरायचं नसे, सारवायचं असे. दिवाळीच्या सुमारास जमीन चोपून शेणानं सारवली की मग पावसापर्यंत सगळं घर तिथेच राहायला यायचं. भात तिथे, सुपाऱ्या तिथे, मांडवाखाली आजोबांचा दुपारचा डोळा तिथे, आमसुलं तिथे वाळत आणि त्यांच्यावर राखणीला बसवलेली पोरं तिथेच अर्धी आमसुलं संपवीत. तुळशीचं लग्न तिथे लागे. अमेरिकेतल्या या दर्शनी अंगणात मी महिनाभरात माणूस बसलेला पाहिला नाही. बसायचं, खायचं, खेळायचं ते मागच्या अंगणात. पुढचं फक्त कापायचं. एकदा मी सवयीनं खुर्ची काढून पुढे पेपर वाचत बसलो, तर चालायला निघालेल्या एका शेजाऱ्यानं थांबून माझी तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

आणि आमचं ते घर विकलं तेव्हाचीही आठवण झाली. घेणारा गृहस्थ आला तो मे महिन्यात, भर दुपारी. मुद्दाम. अंगणाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. आधी विहिरीवर गेला, पोहरा सोडला, दोर किती लागतो ते हातांनी मोजलं. मग माड मोजले, कलमं मोजली, आणि शेवटी सातबारा मागितला. त्यावर सतरा नावं होती, त्यांतली पाच स्वर्गवासी. म्हणजे कर्ब अपील शून्य. तो वैशाखात आला कारण विहिरीचं खरं पाणी वैशाखातच कळतं. इथे उलट. इथे घर बाजारात आणायचं ते वसंतात, जेव्हा फावड्याच्या दांड्यालाही पालवी फुटेल असं वाटतं. घर जानेवारीत कसं दिसतं, वाफ पडलेल्या खिडकीतून आणि खारट चिखलात, ते ज्याला राहायचंय त्यानं नंतर बघावं.

या सगळ्या कलेचा एक मोठा दोष, परीक्षक म्हणून मला सांगायलाच हवा, तो म्हणजे ती नुसती डोळ्यांची आहे आणि तीही गाडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची. समोरच्या घरापुढे एक पेअरचं झाड होतं, शोभेचं, ब्रॅडफर्ड म्हणतात ते. एप्रिलमध्ये नखशिखान्त पांढरं फुललेलं. मी पहिल्या दिवशी खिडकीतून पाहून "अहाहा" म्हटलं आणि जवळ गेलो. सडक्या मासळीचा वास! खोटं नाही सांगत, कोकणातला माणूस म्हणून या विषयात माझा शब्द ग्राह्य धरावा. शिवाय वादळात याच्या फांद्या मधोमध फाटतात आणि याची पिल्लावळ रानोमाळ पसरते. ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया या शेजारपाजारच्या राज्यांत ते विकायला आता बंदी आहे. तरी पिढ्यान् पिढ्या लोकांनी दारापुढे लावलं ते लावलंच. गाडीच्या काचा बंद असतात ना!

यादीतल्या तीन गोष्टींबद्दल मी अजून बोललो नाही. टाळत होतो म्हणा.

पहिली, पायरीशेजारचं तुळशीवृंदावन. तुळस थंडीत बाहेर जगत नाही, ती अजून स्वयंपाकघरात खिडकीत होती. बाहेर नुसतंच रिकामं वृंदावन. ते हलवा, म्हणाल्या बाई. वाईट हेतूनं नव्हे हो. बघणाऱ्याला तिथे स्वतःचं घर दिसलं पाहिजे, तुमचं दिसता कामा नये, हा त्यांचा सिद्धान्त. भिंतीवरचे फोटोही याच कलमाखाली उतरले. जावईबापूंनी वृंदावन गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं, खोरी-फावड्यांच्या शेजारी.

दुसरी, पुदिना. २०१९ साली आलो होतो तेव्हा हिनं दुकानातल्या जुडीच्या चार काड्या पाण्यात ठेवून मुळं फोडली आणि दर्शनी वाफ्यात खोवल्या. घर दक्षिणेला तोंड करून, ऊन सगळं पुढेच. चार वर्षांत त्या पुदिन्यानं वाफा गिळला होता. तो उपटून काढला आणि वर काळा मल्च. ही काही बोलली नाही, पण संध्याकाळी जेवणात चटणी नव्हती.

तिसरी, लायलॅक. नात पहिलीत गेली त्या वर्षी आणलेलं हातभर झुडूप, आता पुरुषभर उंच, दिवाणखान्याच्या खिडकीवर आलेलं. बाई म्हणाल्या, खिडकी झाकते, घर अंधारं दिसतं, गुडघ्याएवढं करा. आता लायलॅकचं असं आहे की एप्रिल-मेमध्ये येणारी फुलं आदल्या उन्हाळ्यातच कळीच्या रूपानं फांद्यांवर येऊन बसलेली असतात. छाटायचं तर फुलं झाल्यावर लगेच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छाटणं म्हणजे नाटकाच्या दिवशी सकाळी मुख्य नटाला रजा देणं. पण छायाचित्रकार बुधवारी येणार होता. मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि "करा" म्हणाली. असं छाटलेलं झुडूप मरत नाही, खालून फुटतं. फक्त पुन्हा फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. त्या रात्री पाणी प्यायला उठलो तर ती खिडकीशी उभी. "उजेड येतो खरा आता," म्हणाली. बाहेर रस्त्यावरचा दिवा होता.

हिनं मात्र तोडलेल्या फांद्या कचऱ्याच्या ढिगातून ओढून आणल्या, बादलीत पाण्यात उभ्या केल्या आणि बादली स्वयंपाकघरात उबेला ठेवली. दोनेक आठवड्यांत त्या फुलल्या. बाईंना तो वास इतका आवडला की त्यांनी स्वतः काचेच्या भांड्यात लावून पुढच्या दारात ठेवल्या. "अशी ताजी फुलं घराला किती शोभा आणतात!" असं म्हणाल्या. कुणी त्यांना सांगितलं नाही.

एप्रिलच्या चौथ्या रविवारी एक ते चार ओपन हाउस. त्या वेळात मालकानं घरात थांबायचं नाही, असा दंडक. जावईबापू टेक्सासला गेलेले. मुलगी, ही आणि मी रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसलो, तीन तासांचा दशम्यांचा डबा घेऊन. आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण कर्बवर आहोत. आयुष्यभर मी शेवटच्या रांगेतून नाटकं पाहिली, पण स्वतःचं घर असं कधी पाहिलं नव्हतं. काय सांगू, सुरेख दिसत होतं! रेघ झळकत होती, लाल दार, काळी माती, हिरवे चेंडू. मुलगी म्हणाली, "इतकं छान आपण चौदा वर्षांत कधीच का नाही केलं?" जाण्याआधी हा प्रश्न प्रत्येक घराला पडत असावा. आमच्याही घराची गळती विकायच्या आधल्या महिन्यात दुरुस्त झाली होती.

घर कुणी घेतलं ते सांगून टाकतो, उगीच ताणत नाही. मंगळवारी रात्री साडेआठला आलेल्या एका जोडप्यानं. मिट्ट काळोखात. गाड्या किती राहतात आणि शाळा कुठली, एवढंच त्यांनी विचारलं, आणि हिरवे चेंडू त्यांनी बहुधा सह्या झाल्यावर पाहिले. रविवारी मात्र गर्दी होती ती आपल्याच लोकांची. एकामागून एक गाड्या थांबत. तरुण मंडळी उतरत, फोन काढत. मला वाटलं, अंगणाचा फोटो काढतात. कसलं काय! फोनमधलं होकायंत्र. दार दक्षिणेला आहे असं दिसल्यावर तिघांनी तर गाडीचं इंजिनही बंद केलं नाही. हिरवळ, मल्च, तिनातिनांचे गट सगळं जागच्या जागी, पण तोंडच चुकीच्या दिशेला. त्या गोऱ्या बाई "वास्तू" हा शब्द माझ्या पुणेरी शेजाऱ्यापेक्षा शुद्ध उच्चारत. या भागात त्यांना तो वरचेवर लागतो.

तीनच्या सुमारास एक कुटुंब आलं. मुलगा, सून, आणि साडीवर स्वेटर आणि पायांत खेळाचे बूट घातलेली म्हातारी आई. मुलगा-सून आत गेले. आई बाहेरच राहिली. तिनं दारापाशी जाऊन पॅन्झीकडे पाहिलं, पुढे झाली, मग वाफ्याच्या कडेनं हळूहळू चालू लागली. मध्येच थांबली. वाकली. काळ्या मल्चमध्ये बोटं घालून तिनं काहीतरी खुडलं, चुरगळलं आणि नाकाशी नेलं.

"अहो," ही एकदम ताठ बसली. "पुदिना!"

"तो तर उपटला होता ना?"

"उपटून जातो थोडाच."

म्हातारीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणखी दोन शेंडे खुडून पर्समध्ये टाकले. आम्ही दिसू नये म्हणून मी खाली सरकलो. बाईंनी बजावलं होतं, मालकांनी समोर यायचं नाही. पण मुलगी, जी सकाळपासून जेमतेम एक वाक्य बोलली होती, तिनं काच खाली केली आणि रस्ता ओलांडून जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आंटी, उधर नल के पास और है!"

म्हातारी दचकली. मग हसली, आणि नळाकडे वळली.